केळीच्या बुंध्यात ओतलेली बरणी

आय, तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज लिहायला बसलेय. लिहायचंय ते त्या नाताळाबद्दलच. दुसरं काही असतं तर तुझ्या कबरीवर मेणबत्ती लावताना बोलून मोकळी झाले असते. हे मेलं तोंडातून निघतच नाही.

आज आमच्या वाइनरीत नव्या व्हाइट वाइनची पहिली बाटली उघडली. द्राक्षं ऊन चढायच्या आत तोडलेली, रस थंडगार स्टीलच्या टाकीत, त्याला हवा लागू द्यायची नाही, गोडवा मागे ठेवायचा नाही. पहिल्याच घोटाला जिभेच्या कडा शहारतात आणि मग लिंबाच्या सालीचा वास येतो. "मॅडम, एकदम कडक झालीय!" टाकीवरचे काका म्हणाले. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी बनवलीय गं ही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला तुझी वाइन आठवून रडू आलं.

तुझी रीतच निराळी. माणिकपूरच्या बाजारातली काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, दालचिनी. बरणीच्या तोंडाला फडकं. रोज सकाळी लाकडी डावाने ढवळायचं, तीन 'नमो मारिया'च्या प्रार्थना म्हणून होईस्तोवर. घड्याळ लावून ढवळलं तर? "घड्याळाला काय कळतं गं?" म्हणायचीस. ओला डाव घातला म्हणून एकदा पाठीत असा धपाटा घातलास, की बस्स.

मग मी वाइनरीत लागले आणि फार शहाणी झाले. त्या नाताळाला आमचे साहेब बायकोमुलांसह राजोडीच्या किनाऱ्यावर सुट्टीला उतरले होते, दुपारी आपल्याकडे गासला जेवायला येणार होते. तू सकाळपासून डुकराच्या मटणाचं इंद्याल रांधतेयस. मी बरणीचं फडकं सोडते, वास घेते, चमचाभर चाखते आणि म्हणते, "आय, ही बिघडलीय. पार सिरका झालाय. पाहुण्यांपुढे ठेवू नकोस." तू चाखूनसुद्धा बघत नाहीस. "तू शिकलेली, तुला कळतं," एवढंच. मी बरणी उचलून परसातल्या केळीच्या बुंध्यात ओतते. तू मागच्या दारात उभी आहेस, पदराला हात पुसत. जेवताना टेबलावर आमच्या कंपनीची थंड बाटली आली आणि साहेब खूश झाले.

पुढच्या नाताळाला तू बरणी काढलीच नाहीस. "आता तुझीच आन, बाय. माझ्या हाताची चव गेली." शेजारणींनाही हसत हसत हेच सांगायचीस. मी समोर बसून ऐकायची. मरेपर्यंत तू पुन्हा बरणी भरली नाहीस.

हा कागद पाठवणार तरी कुठे? प्रयोगशाळेच्या वहीत घडी करून ठेवते. पण एकदाचं लिहून टाकते. तुझ्या हाताला काही झालं नव्हतं, आय. वाइन बिघडली नव्हती. गोड होती, जराशी गढूळ होती, आणि साहेबांपुढे ती ठेवायची मला लाज वाटली.