भ्याल्याचे पेढे

सोम., ४ ऑगस्ट

वही सुरू. धाराशिवच्या थेरपीच्या मॅडमनी हातात ठेवली. समर्थ दिवसभरात कोणत्या आवाजाला वळला, कोणत्या नाही, रोज लिहायचं. वळला तर गोल, नाही तर फुली. "वाटलं" हा शब्द वहीत चालणार नाही म्हणाल्या. स्वतः बघितलं, स्वतः ऐकलं तेवढंच.

अंगणवाडीची सगळी रजिस्टरं भरते, त्यात हे एक आणखी. तसं बोलून दाखवलं तर मॅडम हसल्या, पण वही परत घेतली नाही.

समर्थ, माझा धाकटा, साडेतीन वर्षांचा. ऐकू यावं म्हणून कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन पुण्याला झालं. आता कानामागं मशीन आणि त्याची वायर जाऊन डोक्याला चिकटणारी गोल चकती. सुरू होऊन दोन महिने झाले. दिवाळीनंतर पुण्याचे डॉक्टर पुन्हा तपासणार, ही वही बघणार, आणि मग ठरवणार की पोराला वेळ द्यायचा की आतल्या भागात बिघाड धरून पुन्हा टेबलावर घ्यायचं.

आज: कुकरची शिट्टी, फुली. ताट पडलं, फुली. थोरल्या ओमची बोंब, फुली. माझी हाक पाच वेळा, पाच फुल्या.

बघू. चिकाटीत मला अजून कुणी हरवलेलं नाही.

शनि., १६ ऑगस्ट

ओमला शाळेला सुट्टी, म्हणून तोही थेरपीला आला. तिसरीत गेलाय पण प्रश्न दहावीचे. येरमाळ्याच्या पुढं समर्थनं चकती काढली आणि एसटीच्या दांड्याला चिकटवली. लोहचुंबक असतं तिच्यात. चिकटली म्हणून इतका खूश, की सगळ्या दांड्यांना लावून झाली.

शेजारच्या बाई: "काय वं हे पोराच्या डोस्क्याला?"

मी तोंड उघडायच्या आत ओम: "त्याचा कान बाहीरून बसवलाय. आतला चालंना म्हनून."

"मग आता येतंय व्हय ऐकू?"

"यील की. नवाच हाय अजून."

बाईंचं समाधान झालं. मला दोन महिन्यांत हे उत्तर सुचलं नव्हतं. मी आपली प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगत बसते.

मॅडमनी नवा खेळ दिला. आपण तोंडासमोर कागद धरून "आ", "म", "श" असे आवाज काढायचे, ऐकू आला की त्यानं चिंचोका डब्यात टाकायचा. समर्थनं सगळे चिंचोके एकदम डब्यात ओतले आणि टाळ्या वाजवल्या. काम संपवण्यात बापावर गेलाय.

शुक्र., २२ ऑगस्ट, पोळा

बैल नाहीत आमच्याकडं, मातीचे पुजले. मामा, म्हणजे माझे सासरे, बाजेवर बसून समर्थकडं बघत होते. हल्ली बोलतच नाहीत त्याच्याशी.

एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मामांचा जन्म शोभेच्या दारूत गेला. आता हे बघतात, गावाबाहेरच्या कारखान्यात. आमच्या घरची रीत अशी की बारशाला, नाव ठेवलं की, अंगणाच्या पार टोकाला एक तोटा, म्हणजे मोठा फटाका, फोडायचा. ओमच्या वेळी ओमनं असा टाहो फोडला की पाळण्याची दोरी माझ्या हातातून सुटली. समर्थच्या वेळी धडाम झालं आणि हे बाळ झोपेतच. पापणी हलली नाही. मामा उठून नाचायचेच राहिले होते. "वाघ हाय वाघ! बापाचं नाव काढील." गावभर पेढे.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही पाहुण्यांसमोर त्याच्यामागं ताट वाजवून दाखवायचो. बघा, दचकतच नाही. मामा एकटे नव्हते. मीही वाजवलंय. अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांची वाढ मोजणारी बाई मी, आणि घरात ताट वाजवून हसत होते.

कानाची तपासणी झाली त्या दिवसापासून मामांनी "वाघ" म्हणायचं सोडलं. बंद करा असं कुणीच सांगितलं नव्हतं.

शनि., ३० ऑगस्ट

ह्यांनी समर्थचे सगळे नायलॉनचे कपडे उचलून बांधून ठेवले. मशीनच्या कागदावर लिहिलंय, अंगावरच्या घर्षणाच्या विजेपासून जपा, प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर मशीन काढून ठेवा. मला ते समजावून घ्यायला दोनदा वाचावं लागलं. हे एकदा वाचून म्हणाले, "ह्यात नवीन काय? आमी रोज त्याच भ्यानं सुती घालतोय." कारखान्यात आत जाताना अंगावरची वीज उतरायला पितळी पट्टीला हात लावून मगच जायचं असतं.

आता घरात शिरताना समर्थला दाराच्या कडीला हात लावायला शिकवलंय. त्याची गरज नाही, मी सांगितलं. "असू दे, सवय चांगली." बापलेक दोघं कडीला हात लावून आत येतात.

मंगळ., २ सप्टें.

ओम रुसला. "त्याचीच वही का? माझी कुठंय?"

बरोबर आहे त्याचं. वर्षभर घरात समर्थचं ऑपरेशन, समर्थचं मशीन, समर्थची एसटी, समर्थचे चिंचोके. याला ताप आला तरी "पाणी पी, झोप" एवढंच. वाईट वाटलं. शंभर पानी नवी वही दिली. म्हटलं, यात तू लिही, तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

संध्याकाळी उघडून बघितली. पहिलं पान: "मम्मीने ओमचे ऐकले का?" खाली सात फुल्या.

शनि., १३ सप्टें.

मॅडमनी आज वही पहिल्यापासून चाळली. तीन महिने झाले, आवाजांना अधूनमधून गोल आहेत, कुकर, दाराची कडी. पण नावाच्या ओळीत एकही नाही. म्हणाल्या, काही मुलांना वेळ लागतो. काहींच्या बाबतीत कारण शोधावं लागतं.

एसटीत घरापर्यंत तेच डोक्यात.

नावासमोर आज एक गोल काढला. खरं तर वळला नव्हता. माशीकडं बघितलं त्यानं.

रवि., १४ सप्टें.

कालचा गोल खोडला. रात्रभर टोचत होता. पर्यवेक्षिकेला बरं दिसावं म्हणून आकडे गोल करायची आमच्या खात्यातली सवय, ती इथं आणली मी. डॉक्टर त्या गोलावर विश्वास ठेवतील आणि माझ्या पोराच्या डोक्यात बिघाड असेल तर तो तसाच राहील. एवढं साधं कळू नये?

खोडलं तेही दिसू दे. पान फाडणार नाही.

मंगळ., २३ सप्टें.

आज काय झालं ते शिस्तीत लिहिते.

काल घट बसले. कारखान्यात हंगामाची घाई, मालाचा नमुना माळावर फोडून बघतात. दुपारी साडेचार. समर्थ ओट्यावर वरणभात खात होता, मशीन लावलेलं. माळावरून धडाम.

घास हातात तसाच. डोळे मोठे. खालचा ओठ बाहेर आला. मग जे रडणं काढलंय त्यानं! माझ्या पोटात डोकं खुपसलं, पातळ घट्ट धरलं, सोडेना.

मी त्याला थोपटायचं विसरून त्याच्याकडं बघतच बसले.

मामा बाजेवरून उठले. चप्पल नाही, टोपी नाही. "भ्यालं! आगं पोरगं भ्यालं!" ओरडतच रस्त्यावर. अर्ध्या तासानं पेढ्यांचा पुडा घेऊन आले. शेजारची पारू विचारते, "कशाचं पेढं वं काका?" तर मामा, "नातू भ्याला माझा!" तिला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

एक पेढा समर्थच्या तोंडात घातला आणि त्याच्यासमोर खाली बसले. "बारशाला मला कळाय पायजे हुतं बाबा," म्हणाले. मग रडले. मीही रडले. ओम तेवढ्यात चार पेढे खाऊन मोकळा.

माळावरचा बार: गोल. पानभर मोठा काढलाय. मॅडम काय म्हणायचं ते म्हणोत.

शनि., २७ सप्टें.

आनंद एकच दिवस टिकला. आता मशीन बघितलं की पळतो. रोज दोन-तीन नमुने फुटतात, आणि त्याला कळलंय की चकती काढली की धडाम बंद. हुशार आहे, त्यात वाद नाही. पण चकती बंद म्हणजे सगळंच बंद. वही तीन दिवस कोरी.

मॅडम: जबरदस्ती नको. आवाज येणार हे त्याला आधी कळायला हवं. अचानक आला की भीती.

सांगणं सोपं आहे. आमच्या तेरखेड्यात आवाज विचारून येत नाही.

शनि., ४ ऑक्टो.

मामांनी सोडवलं. त्यांच्या कामातलीच युक्ती. वात पेटवणारा माणूस आधी लाल फडकं वर करतो, "सरका!" म्हणतो, सगळे बघतात, मग काडी. मामा म्हणाले, "मान्साला सांगूनच बार लावायचा असतो. ह्यालाच तेवढं कुनी सांगितलं न्हाय."

आता असं चालतं. माळावरून ह्यांचा फोन. मामा अंगणात समर्थसमोर बसून फोन कानाला लावतात, लाल रुमाल वर करतात. समर्थ रुमालाकडं टक लावून. मामा: "हां, लाव." रुमाल खाली. धडाम. चिंचोका डब्यात.

पहिल्या दिवशी रुमालाच्या नादात चकती डोक्यावर राहू दिली. दुसऱ्या दिवशी दचकला, पण रडला नाही. आज फोन यायच्या आधीच रुमाल स्वतः आणून मामांच्या हातात दिला. कारखान्यातले गडी हसत असतील की साडेतीन वर्षांच्या साहेबाला विचारल्याशिवाय नमुना फुटत नाही.

मामा आज त्याला "वाघ" म्हणाले. मी ऐकलं. ही माझी नोंद, मॅडमसाठी नाही.

मंगळ., १४ ऑक्टो.

कुकर गोल. कडी गोल. एसटीचा हॉर्न गोल. मामांचं खोकणं गोल.

नाव फुली. पुन्हा नाव, फुली.

ह्यांना म्हटलं, नाव लागलं नाही तर? हे जेवता जेवता म्हणाले, "धडाम कळालं. खोकनं कळालं. नाव तर लई मागून यतंय, आधी मान्सं कळत्यात." भाकरी कुस्करत राहिले. कुठून सुचतं त्यांना कोण जाणे, एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलत नाहीत.

मी घाबरत नाही. म्हणजे घाबरते, पण त्यासाठी हाक मारायचं थांबवत नाही.

मंगळ., २१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

आज रुमालाचा उपयोग नाही. गाव चारी बाजूंनी पेटलं. पूजा झाली आणि समर्थनं चकती काढली, ओमच्या हातात दिली. ओमनं शर्टाच्या खिशात ठेवली, वर बटण लावलं. मी "राहू दे" म्हणणार होते. मग म्हटलं, का? सगळ्या गावात त्यालाच ही सोय आहे. मलाही असती तर मीही काढून ठेवली असती.

ओट्यावर दोघं भाऊ. समर्थ आवाजाशिवाय नुसता उजेड बघत होता, तोंड उघडं. फुलबाज्या, भुईनळे, आकाशातली झाडं. ओम त्याला प्रत्येक बाराला बोट दाखवत होता. मी आत पुरणपोळी करत होते.

बाहेर आले तर चकती डोक्यावर. कुणी लावली? ओम म्हणतो, त्यानंच मागितली. गाव अजून वाजतच होतं.

गुरु., २३ ऑक्टो., भाऊबीज

पुण्याची पिशवी भरायला घेतली. सोमवारी निघायचं. आपली वही ठेवली. ओम त्याची घेऊन आला. "ही पण ने."

उघडली. परवाच्या तारखेला एकच ओळ, मोठ्या अक्षरांत: "समर्थने खिशाला हात लावला आणि ओम म्हटले." पुढं गोल.

विचारलं, नक्की? आवाज आला तोंडातून?

"व्हय. ओ म्हनला. मग म."

बारांच्या आवाजात तुला ऐकू आलं?

"मी त्येच्या तोंडाजवळच हुतो की."

मामांना विचारलं, ते आत देवापुढं होते. हे कारखान्याला कुलूप लावायला गेलेले. मी तव्यापुढं. ऐकणारा एकटा ओम, आठ वर्षांचा, आणि भावाचं चांगलं व्हावं म्हणून जीव टाकणारा. मी मोठी बाई असून खोटा गोल काढलाय, तर... पण ओमच्या वहीत माझ्या इतक्या फुल्या आहेत की पोरगं मुरवतीनं गोल देणाऱ्यातलं वाटत नाही.

माझ्या वहीत लिहिलं नाही. मी ऐकलेलं नाही. ओमची वही मात्र पिशवीत ठेवली, माझ्या वहीच्या वर.

आता ऊन उतरलंय. समर्थ अंगणात माझ्याकडं पाठ करून बसलाय, चिंचोके ओळीनं मांडतोय. चकती जागेवर आहे, मशीनचा हिरवा दिवा लागलाय. रस्त्यावर कुणी नाही, बार नाही, कुकर नाही. नावाची ओळ आजची रिकामी आहे.

पेन ठेवते आणि हाक मारते. आज नाही तर उद्या मारीन. कंटाळून का होईना, वळावंच लागेल त्याला.