रविवारपर्यंत कोणी काही बोलायचं नाही

मंगळवार, ६ मार्च १९८४
आज कलकत्त्यात फुटबॉलची फायनल. आमची गोव्याची टीम. आणि टीव्हीवाले मॅच दाखवणार रविवारी, रेकॉर्ड करून! शिळा भातसुद्धा माणूस दुसऱ्या दिवशी संपवतो. पेपरात कडक पत्र लिहिणार. उद्या.
तोपर्यंत निश्चय: रविवारपर्यंत निकाल ऐकायचा नाही. मॅच ताजी असल्यासारखी बघायची. एवढी डिसिप्लिन अख्ख्या पेडण्यात फक्त माझ्याकडे आहे. रेडिओ कपाटात, किल्ली खिशात.
विनोदिनी म्हणाली, टीममध्ये आपला मुलगा आहे. म्हटलं, त्याचा काय संबंध? खाण कंपनीच्या ऑफिसातली पर्मनंट नोकरी शिवदासनं फुटबॉलपायी सोडली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. मला इंटरेस्ट खेळात. शिवाय तो रिझर्व्ह. बाकावर बसायला कलकत्ता कशाला? आमच्या ओसरीवर बाक आहे.

बुधवार, ७ मार्च
सकाळी पाववाला पोदेर भोंपू जरा जास्तच वाजवत आला. तोंड उघडणार एवढ्यात दार लावलं. रविवारपर्यंत पाव बंद. भाकरी प्रकृतीला चांगली.
ऑफिसात सगळ्यांना शपथ घातली. शेजारच्या धाकूलाही. संध्याकाळी बाजारात फटाके. लग्नसराई सुरू झालेली दिसते.
पत्र राहिलं.

गुरुवार, ८ मार्च
भाकरी सोसत नाही.
लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. पोस्टमननं उगाच खांद्यावर हात ठेवला. यावरून निष्कर्ष: आपण हरलो, आणि तेही शिवदासमुळे. निष्कर्ष काढणं म्हणजे ऐकणं नव्हे. निश्चय शाबूत.
बाप म्हणून मन मोठं करायला हवं. त्याला माफ करायचं ठरवलं. छोटं भाषण तयार केलं. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मलाच रुमाल काढावा लागला.

शुक्रवार, ९ मार्च
दुपारी शिवदास आला. लंगडत. कॉलरमध्ये झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. देवळात जाऊन आला असणार. संकटात देव आठवतो, चांगलं आहे.
त्याला बोलू दिलं नाही. दारातच भाषण केलं. हार-जीत चालायचीच, चूक कोणाच्याही हातून होते, झालं गेलं विसरून जा, मी विसरलो. त्यानं आईकडे बघितलं. आईनं भिंतीकडे.
पण अडचण अशी की त्याचा चेहरा दिवसभर समोर राहिला तर निकालाची खात्रीच व्हायची. म्हणून त्याला मुळगावला माझ्या बहिणीकडे, प्रभावतीकडे, पाठवलं. "बाबा, एकच सांगायचं होतं," म्हणाला. म्हटलं, सोमवारी. पिशवी खाली ठेवलीच नव्हती, तसाच वळला.
विनोदिनीनं जेवायला वाढलं. एक शब्द बोलली नाही. बायकोचं असं सहकार्य असेल तर माणूस काय करू शकणार नाही!

शनिवार, १० मार्च
विनोदिनीचं सहकार्य चालूच आहे. चहाही न बोलता आदळला.

रविवार, ११ मार्च
संध्याकाळी खोली माणसांनी भरली. धाकूनं छपरावर चढून अँटेना फिरवला. मंडळी टीव्हीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. माझं खेळाचं ज्ञान त्यांना माहीत आहे.
पहिला हाफ गोलाशिवाय. दुसऱ्या हाफमध्ये शिवदास मैदानात उतरला. मी उभा राहिलो. पाठ दुखत होती. बॉल त्याच्याकडे आला. एकाला चुकवलं. दुसऱ्यालाही. पाय मागे घेतला...
आणि पडद्यावर एक बाई आली. वेळेअभावी सामन्याचं प्रक्षेपण इथेच थांबवत आहोत, म्हणाली. वर हसली. मग शेतीचा कार्यक्रम. भातावरची कीड.
धाकूला विचारलं, पुढे काय झालं?
"भाऊ, तुमीच शपथ घातल्यात," तो म्हणाला. "आमी कसां सांगतले?"
एकेक जण चपला शोधून निघून गेला. शेवटी विनोदिनी टीव्ही बंद करत म्हणाली, "गोल त्यानंच घातला. आपण जिंकलो. मंगळवारपासून सगळ्या गावाला ठाऊक आहे." आणि आत गेली.
मी बंद पडद्यावर अजून कीड बघत होतो.

सोमवार, १२ मार्च
रजा टाकून मुळगावला गेलो. भाषण नव्हतं. सुचलं नाही.
शिवदास नव्हता. मुरगावच्या बंदरावर त्याला नोकरी मिळाली, खेळाडू म्हणून. पर्मनंट. आजच हजर व्हायचं होतं, सकाळच्या बसनं गेला. तेच एक सांगायचं होतं म्हणे.
प्रभावतीला म्हटलं, निदान गोल कसा झाला ते सांग. म्हणाली, चेंडू आला, त्यानं मारला, आत गेला. काल अंगणात सगळा गाव जमला होता, लंगडत लंगडत त्यानं करून दाखवला. "तू हवा होतास, दादा."
परतीच्या बसमध्ये शेजारी एक अनोळखी माणूस. फायनलचं कळलं का, त्यानं विचारलं. म्हटलं, नाही, सांगा. त्यानं अस्नोड्यापासून म्हापशापर्यंत सगळं सांगितलं. डाव्या पायानं, गोलकीपरच्या हाताखालून. तिकिटाची गोळी करून समोरच्या सीटवर मारूनही दाखवली. पोराच्या अंगावर सगळी टीम पडली, उठला तेव्हा रडत होता, म्हणाला. पुन्हा सांगा म्हटलं. पुन्हा सांगितलं.
मग म्हणाला, "पोर सोन्यासारखो. बापूस मात्र अर्धवट हां. घरात घेवंक ना म्हणतात त्याका."
म्हटलं, मीही तसंच ऐकलंय.