पहिल्या ओबोनचा पांढरा कंदील

हिसायोबाईंचं लॉज, स्टेशनजवळ
१५ ऑगस्ट

चि. मोरिहिको यास,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने उमटलं. मनात काय आहे ते विचारू नकोस.

घरी सगळे बरे असाल. मीही बरी आहे. खोली स्वच्छ आहे, उकाडा जीव घेणारा आहे, पंखा म्हाताऱ्यासारखा खाकरतो. औषधं वेळेवर घेते. तोशिएने दारात माझ्या हातात कोंबलेलं कलिंगड मी इथे वाटून टाकलं. तुझ्या घरचं म्हणून एक फोडही खाल्ली नाही. बरं, खोटं कशाला, एक खाल्ली. तुझ्या बायकोला कलिंगडाची पारख आहे.

पत्र हिसायोबाईंच्या हाती पाठवते. फोन या वस्तूची मला शिसारी आली आहे.

न कळवता आले ही माझीच हौस. डॉक्टरने विमानाला हो म्हटल्याबरोबर साओ पावलोहून निघाले. ऑपरेशननंतरचा पहिला प्रवास. आईचे पाय सुजतात म्हणून मऊ चपला घेतल्या होत्या. वाटलं होतं, पितर घरी येतात त्या ओबोनच्या पहिल्याच संध्याकाळी दारात उभी राहीन आणि तुम्ही सगळे थक्क व्हाल.

गल्लीत शिरले तेव्हा दारोदारी पितरांसाठी दिवे लागत होते. फुलाफुलांचे, रंगीत. आपल्या वळचणीला मात्र पांढरा. कोरा करकरीत पांढरा.

तो कुठल्या दारात लागतो हे मला कुणी शिकवायला नको. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात, पहिल्या ओबोनला, एकदाच. बाकीच्या पितरांना घर ठाऊक असतं, नव्या जिवाला वाट नवी असते.

मला आधी काय वाटलं सांगू? वाटलं, तू गेलास. शप्पथ! कारण आईशी तर मी मागच्याच रविवारी बोलले होते!

तेवढ्यात दार उघडलं आणि तू बाहेर आलास, पितरांनी लवकर यावं म्हणून करतात तो काकडीचा घोडा हातात घेऊन. अरे मोरि, तुला जिवंत बघून मला इतका आनंद झाला की मी हसले. मग तुझं तोंड बघितलं.

"ताई? तू कशी काय?"

"आई कुठाय?"

घोड्याचा काडीचा पाय गळून पडला, तर तो उचलायला वाकलास. आणि वाकलेलाच राहिलास.

दर रविवारी सांगायचास, "आवाज गेलाय तिचा, पण ऐकू येतं. तू बोल, मी कानाला धरतो." मी बोलायचे. तुझ्याच चहाड्या करायचे, आई, मोरि चेंगट आहे, तुझ्या ताटात माशाचं नुसतं डोकं टाकत असेल. आणि तू देवघरात तिच्या फोटोपुढे फोन धरून ते ऐकत होतास! तेही सोसलं असतं. पण दर वेळी शेवटी मी म्हणायचे, "आई, मी येईपर्यंत थांब हं." आणि तू म्हणायचास, "मान हलवली तिने."

कुणी हलवली मान, मोरि? बोल ना!

दारात तू ओरडलास, "आईनेच शपथ घातली होती!" मी म्हटलं, "गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं," आणि बॅग उचलून इथे आले.

आज हिसायोबाई चादर बदलायला आल्या. आईची जुनी मैत्रीण, बाई फटकळ. म्हणाल्या, "झाला का रुसवा पुरता? दवाखान्यात तुमच्या आईच्या उशाशी मी होते. मोरिहिको रडत होता, ताईला कळवतो म्हणत होता. ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'तिची छाती आत्ताच शिवलीय, टाके उसवतील. ती धडधाकट होईपर्यंत तोंड उघडलंस तर याद राख, ओबोनला तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. शेजाऱ्यांकडे जाईन जेवायला!'"

शेजाऱ्यांकडे जाईन जेवायला! हे तुला रचता येणार नाही, एवढी अक्कल तुला नाही. ही आईच. मी खो खो हसले आणि हसता हसता असं रडू फुटलं की हिसायोबाईंनी धुतलेली चादरच माझ्या तोंडाला लावली.

तुला माफ केलेलं नाही. गैरसमज नको. पण सकाळपासून डोळ्यांपुढून एक चित्र हलत नाही. तू देवघरात फोन धरून उभा आहेस, मी तिकडून बडबडतेय, आणि तुला हुंदकाही देता येत नाही, कारण तो मला ऐकू आला असता.

उद्या तिला निरोप द्यायचा. परतीसाठी वांग्याची गाय तू करू नकोस, तुझ्या गायी उंदरांसारख्या दिसतात. मी करेन, चांगली जाडजूड, म्हणजे आई सावकाश जाईल. चपला घेऊन येते, त्या फोटोपुढे ठेवू. नदीवर तिचा दिवा मात्र मी सोडणार. तू शेजारी उभा राहा आणि हवं तेवढं मोठ्याने रड.

संध्याकाळी चालत येईन. तोवर दारातला पांढरा कंदील उतरवू नकोस, विझूही देऊ नकोस. आई नसलेल्या घराची वाट मलाही नवी आहे.

तुझी, अजून रागावलेली,
चिझुएताई