क्वीनच्या दुधाला फॅट लागत नाही

४ मार्च २०२४, सोमवार. सकाळी साडेसहा.
आजपासून गोठा माझ्या ताब्यात. वाळूजच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंट सांभाळलं. बजाजनगरची खोली सोडून पैठण रोडच्या या गावी परत आलो ते काही खाटेवर पडायला नाही. गाय एकच, संकरित. बायको द्वारका तिला चांदी म्हणते. रजिस्टरला मी क्वीन लिहिलं.
काल डेअरीवर फॅट लागली ३.४. मशीनवरचा गयासभाई म्हणाला, ठीक है आप्पासाब. क्वालिटीमध्ये ठीक नावाचा शेरा नसतो. टार्गेट : महिनाभरात ४.२.
द्वारकाचं म्हणणं, "पोटभर कडबा अन् येळंवर पाणी द्या. बाकी काय नको." चार वर्षं तिनंच गाय सांभाळली हे खरं, पण रेकॉर्ड शून्य.

७ मार्च.
मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष : ताकद खुराकात आहे. कडबा म्हणजे वाळलेली धाटं, त्यात कसली फॅट? कडबा निम्मा केला, तोही यंत्रातून पार बारीक करून. मक्याचा भरडा आणि सरकी पेंड दुप्पट.
द्वारका काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१२ मार्च.
दूध दोन लिटरनं वाढलं! मला माहीत होतं.
फॅट ३.२. मशीन बिघडलंय. गयासभाईला तसं स्पष्ट सांगितलं. त्यानं शेजारच्या मनकर्णाबाईंचं दूध लावून दाखवलं. ४.१. मनकर्णाबाईंची गाय दिवसभर बांधावर चरते, रजिस्टर वगैरे काही नाही. मशीन नक्की बिघडलंय.

१९ मार्च.
धार मी स्वतः काढू लागलो. कंबर धरते. शेवटी शेवटी बसवत नाही, म्हणून उठतो आणि वासरू सोडतो. द्वारका म्हणाली, "अहो, शेवटच्या धारंतच तर खरी साय असती. ती सगळी वासरानं पिली." मी म्हणालो, तसं काही नसतं, दूध म्हणजे दूध.
वासरू मात्र चांगलंच गरगरीत दिसतंय. हेही माझ्या नियोजनाचंच यश.
फॅट ३.०. गयासभाईनं मान हलवली, पण दूध घेतलं.

२७ मार्च. दुपारी.
क्वीनला लिंबाखालून पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. डिपार्टमेंट एका छताखाली पाहिजे. ऊन फार आहे. ती तोंड उघडून धापा टाकते. सवय होईल. मला कंपनीच्या शॉपमध्ये झाली होती.
थकवा जाणवतो. रजिस्टर दोन दिवस मागे पडलंय.

२ एप्रिल.
फॅट २.६.
गयासभाई हळू आवाजात म्हणाला, "आप्पासाब, बुरा नक्को मानो, पन ये दूध मैं नै ले सकता." रांगेत आठ जण होते. कॅन घेऊन परत निघालो. पारावरून कुणीतरी विचारलं, "परत घिऊन चाललात व्हय?" मी म्हणालो, सॅम्पल आहे. तेरा लिटरचं सॅम्पल.
द्वारकानं दूध तापवलं. वर साय अशी धरलीच नाही. तिनं पातेलं मला दाखवलं नाही, मीच जाऊन पाहिलं.

४ एप्रिल.
क्वीन खात नाही. शेण पातळ. रवंथ बंद. उन्हामुळं असेल. भरडा थोडा वाढवला, अंगात ताकद यावी म्हणून.

५ एप्रिल. सकाळी दहा.
गाय बसली. उठत नाही.
डॉक्टर आले. पोटाला कान लावला, शेण हातात घेऊन हुंगलं. म्हणाले, पोट आंबलंय. चघळायला लांब चारा नाही आणि वर एवढा भरडा. मग पोटात आम्ल होतं, दुधातली फॅट पडते आणि शेवटी गाय पडते. एखादा दिवस उशीर झाला असता तर हाती लागली नसती. कुणी घातला एवढा भरडा?
मी शेडच्या पत्र्याकडं पाहिलं.
द्वारका म्हणाली, "माझ्याकडून झालं, डॉक्टर."
मी खुलासा करणार होतो. पण डॉक्टर सलाईन लावण्यात गुंतले होते. मध्येच बोलणं योग्य नव्हतं.

८ एप्रिल.
तीन दिवस द्वारका गाईपाशी. खायचा सोडा पाण्यातून पाजला. लिंबाखाली नेलं. कडबा न कापता, अख्खा, एकेक पेंढी पुढं धरला. मी खुर्चीवरून देखरेख केली.
आज चारच्या सुमारास चांदीनं रवंथ सुरू केला. द्वारका तिच्या मानेवर डोकं टेकून किती तरी वेळ बसली होती. मलाही बरं वाटलं. त्याचा तपशील लिहीत नाही.
(वर चुकून चांदी लिहिलं. राहू दे.)

१ मे.
धार द्वारका काढते, दोन्ही वेळा घड्याळ न बघता अगदी ठरल्या वेळेला. शेवटच्या थेंबापर्यंत. अख्खा कडबा, थोडा लसूण घास, मूठभर पेंड, लिंबाची सावली. दूध पूर्वीपेक्षा लिटरभर कमीच.
फॅट ३.७. डेअरी पुन्हा दूध घेते.
माझ्या मार्चमधल्या कार्यक्रमाचा परिणाम उशिरा दिसतोय असं मला वाटतं.

२४ मे.
फॅट ४.०. गयासभाईचा फोन. परवा डेअरीवर बैठक आहे, डॉक्टरही येणार, तुमच्या घरून दोन शब्द पाहिजेत. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली.

२६ मे, रविवार. संध्याकाळ.
इस्त्रीचा शर्ट घातला होता. गयासभाईनं नाव पुकारलं, "द्वारकाभाभी."
मी अर्धा उठलो होतो. तसाच बसलो.
द्वारका पदर सावरून उभी राहिली. म्हणाली, "म्या काय सांगू? गाय जे खाती तेच दुधात उतरतं. तिला सावलीत बसून चघळू द्या. लई घाई करू नका." झालं. दोन मिनिटंही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या.
मग डॉक्टर सगळ्यांना म्हणाले, याच बाईंनी एप्रिलमध्ये भरडा घालून गाय पाडली होती, पण बघा, चुकीतून शिकल्या.
द्वारका खाली बघत उभी. लोक हसले. वाईट भावनेनं नाही, पण हसले.
मी उठलो. म्हणालो, "डॉक्टर, भरडा मी घातला होता. हिनं नाही. ही नको म्हणत होती."
मी खाली बसलो. चार पानांत हे वाक्य कुठंही नव्हतं.
परत येताना द्वारका पुढं चालत होती. मी मागं. पाय दुखत होते. फाटकापाशी आल्यावर म्हणाली, "सकाळी शेण तुम्ही काढा. मला धारंला उशीर हुतो."
बरं म्हणालो.