उजव्या बाजूचा आवाज

३ मार्च, सकाळ
ठरलं. होम थिएटर घ्यायचं. पाच स्पीकर, एक सबवूफर. बायको म्हणते, टीव्ही नीट चालतोय की. तिला कसं सांगणार. मला पिक्चर बघायचेच नाहीत. बाबांच्या रिटायरमेंटच्या समारंभाची व्हिडिओ कॅसेट ऐकायची आहे, बावीस वर्षांपूर्वीची. त्यात मी भाषण करतोय, चौदा मिनिटं. कॅमेऱ्याच्या उजवीकडे बसलेले बाबा आईकडे झुकून काहीतरी बोलतात. आई तोंडावर हात धरते. बाबांचे खांदे हलतात. गहिवरलेत, हे कुणालाही कळेल. शब्द मात्र माझ्याच आवाजाखाली दबलेत. आई नेहमी सांगते, तुझंच कौतुक करत होते रे.
धाकट्या भावाला हे पटत नाही. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं तो सांगत सुटलाय की त्यांचा जीव त्याच्यावर होता. आता त्याला बाबांच्याच तोंडून ऐकवतो.

६ मार्च
माल आला. मॅन्युअल ऐंशी पानांचं. वाचणार नाही. डोकं असलेल्यांना त्याची गरज नसते.
वायर सोफ्यामागून नेली, त्यामुळे सोफा खोलीच्या मधोमध आलाय. स्वयंपाकघरात तिरकं होऊन जावं लागतं. बायको तशीही तिरकंच बोलते, सवय आहे.
संकल्प: सिस्टिम लागेपर्यंत कुणावर ओरडायचं नाही.

७ मार्च
आईवर ओरडलो. कारण होतं. सेटिंगसाठी छोटा माइक मधे ठेवायचा, मग एकेक स्पीकर आवाज काढतो आणि मशीन मोजतं. तेव्हा खोलीत चिडीचूप शांतता लागते. आई नेमकी खोकली, दोनदा. तिला शाल देऊन बाल्कनीत बसवलं आणि दार लावलं. पाच मिनिटांचं काम, दीड तास गेला. दार उघडल्यावर म्हणाली, ती कॅसेट राहू दे ना, जुनं उकरून काय मिळणार. आईला नव्या यंत्रांची भीती वाटते. वयाने होतं असं.

९ मार्च
मागचे स्पीकर पुढे लागलेत, पुढचे मागे. खुणा नीट छापलेल्या नाहीत. हीरो समोर दिसतो आणि पाठीमागून बोलतो. बायको हसली. लक्षात ठेवीन.

११ मार्च
सिस्टिम बसवणाऱ्याला बोलावलं. माघार नव्हे, सेकंड ओपिनियन. वीस मिनिटांत सगळं लागलं, कारण नव्वद टक्के मी केलंच होतं. कॅसेट डिजिटल करून आणली होती, ती त्याने हेडफोन लावून तपासली. म्हणाला, तुमचं भाषण डावीकडे आहे, उजवीकडे दुसराच कुणीतरी बारीक बोलतोय. डावं कमी करतो, उजवं वाढवतो. थोडा वेळ ऐकत बसला. मग हेडफोन काढून म्हणाला की साहेब, हे आधी एकट्याने ऐका. म्हटलं, छे, सस्पेन्स जाईल. चहा न घेताच गेला.

१३ मार्च
आई दोनदा येऊन उभी राहिली. मी वायरी बांधत होतो, थांब म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली, तुझ्याशी बोलायचंय. म्हटलं, रविवारी सगळ्यांना कॅसेट ऐकायला बोलावलंय, त्यानंतर निवांत बोलू.
धाकट्याला फोन केला. म्हणाला, दादा, तू म्हणतोस ते खरं मानतो, पण हे नको. घाबरला लेकाचा.

१५ मार्च, रविवार, संध्याकाळ
सगळे वेळेवर आले. आईला मधली खुर्ची दिली, जिथे पाचही स्पीकरांचे आवाज बरोब्बर मिळतात. दिवे घालवले. माझं भाषण सुरू झालं, पण लांबून, बारीक. आणि उजवीकडून बाबा. इतके जवळून, की आईने दचकून तिकडे मान वळवली.
"खाली बसवा रे कुणीतरी त्याला. समारंभ माझा, आणि हा मघापासून स्वतःचंच सांगतोय."
मग आईचा आवाज. "हळू बोला. ऐकेल तो."
"तो कधी कुणाचं ऐकतो? धाकटा बरा. चार शब्द बोलला, पण माणसासारखे."
आणि कॅसेटमधली आई हसली. तोंडावर हात धरून.
मला रिमोट सापडेना. धाकट्याने उठून टीव्ही बंद केला. मला पाणी आणून दिलं. तेच जास्त लागलं.
आई म्हणाली, "बावीस वर्षं झाकून ठेवलं होतं मी. तुला सांगायला आले होते रे."

१६ मार्च
शांत डोक्याने विचार केला. बाबांनी नाव कुठे घेतलं? ते केटररबद्दलही बोलत असतील. खात्रीसाठी सात वेळा ऐकलं. केटरर भाषण करत नव्हता.
आई धाकट्याकडे गेली. चार दिवसांसाठी, म्हणाली. मोठी बॅग नेली.

१८ मार्च
बसवणाऱ्याला फोन केला. विचारलं, पूर्वीसारखं करता येईल का, फक्त माझं भाषण ऐकू येईल असं. म्हणाला, सोपं आहे साहेब, उजवा आवाज शून्य करा, डावा वाढवा. केलं. मधल्या खुर्चीत एकटाच बसलो. आवाज सुंदर, शब्द न् शब्द स्पष्ट. माझी नोकरी, माझं प्रमोशन, माझी नवी गाडी. बाबांबद्दल काय बोललो होतो ते आठवेना, म्हणून वाट बघत राहिलो.
नवव्या मिनिटाला बंद केलं.