भोंग्याची वायर

प्रिय (हा शब्द तुला आता खपणार नाही, तरी राहू दे),

मंगळवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा नीट ऐकू यावं म्हणून मी बर्फाच्या कारखान्यातल्या गॅसगळतीच्या भोंग्याची वायर काढली, आणि तिथेच सगळं बदललं. भोंगा सकाळपासून कोकलत होता. गॅसचा वास नव्हता, म्हणून आम्ही सगळे त्याला शिव्या घालत होतो. तू सांगत होतीस की घरचे तुझ्यासाठी मुलगा बघताहेत. मी ओरडलो, तू फोन ठेवलास, आणि रागाच्या भरात वायर जोडायची राहिली.

संध्याकाळी खरंच अमोनिया गॅस गळला आणि भोंगा गप्प राहिला. आमचे म्हातारे फिटरकाका आत होते. आता ते दवाखान्यात नळीने श्वास घेताहेत.

आज चौकशीचे साहेब आले. मालक म्हणाले, "म्हाताऱ्यानंच काढली असणार. आवाजाची कटकट त्याचीच असायची." साहेबांनी तसंच लिहून घेतलं. एरवी माझं तोंड कुणाच्या बापाला आवरत नाही, पण मी गप्प उभा राहिलो.

दुपारी दवाखान्यात काकांच्या मुलीनं विचारलं, "दादा, खरंच बाबांची चूक होती का हो?" मी पाणी आणायच्या निमित्तानं पळालो.

तू म्हणायचीस, मी आधी उडी मारतो आणि मग खोली विचारतो. आज आधी विचार केलाय. नोकरी जाईल, पोलीसही येतील, आणि तुझ्या घरी माझं नाव काढायची सोय उरणार नाही.

हे पाठवलं तर वाटेल, तुझ्या फोनवर खापर फोडतोय. म्हणून टेबलावरच ठेवतो. साहेब पाचपर्यंत कचेरीत असतात. चपला घातल्यात. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझाच,
डोकेफिरू