आवाजाची ठेव

१२ जून, रविवार
दादा उद्या अमेरिकेला. कंपनी म्हणते वर्षभर, म्हणजे तीन धरावीत. आज आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये त्याचा शेवटचा डाव झाला. कॉलेजात असल्यापासून त्याने रचलेलं जग, कागद-पेन्सिल आणि फाशांवर चालणारं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्यासारखं बोलायचं-वागायचं. त्यात पऱ्या, बुटके, राक्षस काही नाही. "माणसंच पुरेशी विचित्र असतात," हे साहेबांचं मत. म्हणून नुसते माणसांचे देश. डोंगरातले गढवे कधी शपथ घेत नाहीत. माळावरचे पालवे घराला दार ठेवत नाहीत. आणि खाडीकाठचे खाजणी, दादाचे लाडके. त्यांच्यातला कुणी समुद्रापार निघाला की आपला आवाज घरी कुणाकडे तरी ठेवून जातो. संध्याकाळी त्याच्या नावाने हाक मारायची आणि ठेव सांभाळणाऱ्याने ओ द्यायची. तो परत आला की उंबऱ्यात उभा राहून त्याने स्वतः ओ द्यायची, म्हणजे ठेव सुटली.
दादाचं पात्र खाजणी. त्याच्यामागे पात्र चालू राहावं म्हणून त्याने ठेव वैभवकडे दिली. वैभव त्याच्या ऑफिसातला, यवतमाळचा, दर रविवारी आमच्याकडे. पण पात्राचं नाव घ्यायचं सोडून दादा म्हणाला, "सुमितचा आवाज तुझ्याकडे ठेवला." डावातला जुना भिडू इरफान ओरडला, "अरे येड्या, स्वतःचं नाव घेतलंस!" खूप हसलो. तेवढ्यात आईने श्रीखंड आणलं. पुन्हा नीट म्हणायचं राहूनच गेलं.

१० जुलै, रविवार
डाव आता मी चालवते. वैभव दादाच्या खुर्चीत. आईने चहा आणला. घोट घेऊन वैभव म्हणाला, "आई, आलं कमी पडलंय."
तो तिला काकू म्हणतो. आणि आल्याची तक्रार दादाची, रोजची. आई सवयीने म्हणाली, "तुझी खोड काही जायची नाही." मग ट्रे धरून तशीच उभी.
वैभवला विचारलं, असं का म्हणालास. "मी काऊन म्हणू? मले तर आलं आवडतच नाही."

७ ऑगस्ट, रविवार
ओ देताना वैभवचं मले-तुले कुठे जातं? साफ पुणेरी बोलतो. आज मला म्हणाला, "ठमे, फासा टाक."
ठमी फक्त दादा म्हणतो. घरात. बाहेर कुणासमोर कधी नाही, मी जीव घेतला असता. इरफान दादाचा इतका जुना मित्र, त्यालासुद्धा माहीत नव्हतं.
आई हल्ली डाव संपेपर्यंत हॉलमध्येच बसते. भाजी निवडत.

२१ ऑगस्ट
दादाचा फोन. हवा, ट्रॅफिक, ऑफिस, हवा. मी मुद्दाम म्हटलं, "ठमीला काय आणणार?"
"ठमी कोण?"
थट्टा करतोय वाटून हसले. तो हसला नाही. "कुणी नवीन मैत्रीण आहे का तुझी?"
फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला माझा दादा परत हवाय.

४ सप्टेंबर, रविवार
इरफानला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. वाटलं, उडवून लावेल. तो बराच वेळ बूट घालत बसला. म्हणाला, "अम्मी असती तर तेव्हाच जोड्याने मारलं असतं आपल्याला. असल्या गोष्टी स्वतःच्या नावाने करतात का?" मग म्हणाला, "नियम त्यानेच केलाय ना? येऊ दे त्याला. उंबऱ्यात उभा राहून ओ देईल."
आईला म्हटलं, वैभवला दादाच्या नावाने हाक मारू नकोस. ती म्हणाली, "फोनवर कोण असतं मला माहीत नाही बाई. हा बोलतो तो माझा सुमित." शेंगा सोलता सोलता म्हणाली, शांतपणे. तिचीच जास्त भीती वाटली.

१८ सप्टेंबर, रविवार
वैभव दारातूनच परत निघाला होता. तोंड उतरलेलं. "मले तिकडचे रस्ते पाठ झाले, मधुरा. कुठं वळायचं ते ठाऊक आहे. मी तर मुंबईच्या पुढं गेलो नाही अजून. आन् माह्या मायचा फोन आला, तं तिचा आवाज ओळखू येईना."
खाजण्यांच्यात दमलेला माणूस ठेव घरच्या कुणाकडे सोपवू शकतो. म्हटलं, माझ्याकडे दे. त्याने दिली. या वेळी नाव बरोबर घेतलं, म्हणजे दादाचंच. दुसरं कुठलं घेणार?
तो आता लांब, मांजरी गावात खोली बघतोय. डाव बंद.

९ ऑक्टोबर
संध्याकाळी आईने ताटं घेतली आणि हाक मारली, "सुमित!"
मी ओ दिली. ठरवून नाही. घास तोंडात होता तरी निघाली.
आईने माझ्या ताटात दादाची आवडती, लोणच्यातली मिरचीची फोड वाढली. मी खाल्ली. मला तिखट सोसत नाही. आज सोसलं.

२९ ऑक्टोबर, शनिवार
दादा आला. दिवाळीची रजा.
सगळं ठरवून ठेवलं होतं. बेल वाजली, मी दार उघडलं, ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि बाजूला झाले. आईने आतून हाक मारली. दादा उंबऱ्यात, दोन्ही हातांत बॅगा. त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मासा उघडतो तसं, नुसतंच. मग हसला, "काय नाटक आहे?" आणि आत आला.
चहात आलं घातलंच नव्हतं. कप संपवून म्हणाला, "छान झालाय. थँक यू." आईला थँक यू!
आई त्याच्याशी नीट वागते. पाहुण्याशी वागतात तशी. त्याच्यासाठी नवा टॉवेल काढला.

भाऊबीज
पाट मांडलाय, तबक तयार आहे. मी आतल्या खोलीत साडीला पिना लावायच्या नावाखाली हे लिहितेय.
सकाळी दादाला सगळं सांगितलं. खाजणी, ठेव, वैभव. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "कल्पना छान आहे. कुणाची?"
मी म्हटलं, आज आई ओवाळून घ्यायला हाक मारेल. तू ओ दे. एवढंच कर. माझ्यासाठी कर. तो बरं म्हणाला. शहाण्या मुलासारखा.
आत्ता आईने हाक मारली. "सुमित, ये रे, पाटावर बस."
दाराच्या फटीतून दिसतोय. पाटाजवळ उभा आहे. आईकडे बघत नाहीये. या खोलीच्या दाराकडे बघतोय, मी कधी ओ देते त्याची वाट बघत.
मी ओठ दातांत धरलेत. आईने दुसऱ्यांदा हाक मारली. अजून कुणीच ओ दिलेली नाही.